नोंद नसलेला फोन

वाळूजच्या एका कंपनीत मी एकतीस वर्षं गेटवर होतो. शिक्षण चौथी. पण रजिस्टर माझ्यासारखं तिथं कोणी ठेवलं नाही. कोण आला, किती वाजता आला, कोणाकडं जायचंय, बाहेर कधी पडला, सही. एवढं आधी सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात चूकही माझी आणि अक्कलही माझीच, आणि दोन्ही मी गेटवरच शिकलो.

घरची वारली त्याला तेव्हा दीड महिना झाला होता. मुलगी पुण्याला नर्स आहे. जलदान विधीनंतर ती परत गेली, पण तिचा जीव इकडंच. दर रोज फोन. मी दोनदा उचलला नाही तर शेजारपाजारच्यांना फोन. शेवटी सुट्टी काढून आली आणि बैठकीत कॅमेरा लावून बसली.

"अण्णा, तुम्ही पडलात-झडलात तर मला कळायला पायजे."

"मी काय गोदाम आहे का, कॅमेरा लावायला?"

"गोदाम बरं. गोदाम बीपीची गोळी विसरत नाय."

तिच्या आईचीच जीभ आहे तिला.

कॅमेरा वाय-फायवर चालतो. वाय-फाय आमच्याकडं तीन वर्षांपासून होता, आणि तो घेतला हिनं, माझ्या घरचीनं. मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. तो डबा लावायच्या दिवशी मात्र आमची हुज्जत झाली होती. मी म्हणत होतो बैठकीत लावा, टीव्हीजवळ. ही म्हणाली सैपाकघरात, मागच्या भिंतीला, तेलाच्या डब्याशेजारी.

"फोडणी द्यायचीय का त्याला?" मी म्हणलं.

"तुम्हाला काय करायचंय? मला सैपाक करताना लागतं."

वायरवाल्यानं कुरकुर करत घरभर वायर ओढली. ती मागची भिंत म्हणजे माझ्या आणि माझ्या धाकट्या भावाच्या घरामधली भिंत.

भावाचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. देवगाव रंगारीहून आम्ही दोघं भाऊ शहरात आलो, पडेगावला एकच प्लॉट घेतला, पाठीला पाठ लावून दोन घरं बांधली. नऊ वर्षांमागं मला आठवडाभर रात्रपाळी होती. तेवढ्यात ह्यानं पडकी भिंत पाडून नवी घातली, अन् घातली ती माझ्या बाजूला दीड वीत सरकवून. मी जाब विचारला. तर गल्लीत सगळ्यांसमोर म्हणाला, "दुसऱ्याचं गेट राखतो अन् स्वतःची भिंत राखता येईना." लोक हसले. त्या दिवसापासून बोलणं बंद. त्याचं दार पलीकडच्या गल्लीत, त्यामुळं तोंड बघायचीही गरज पडली नाही.

मग तीन वर्षांमागं त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ही म्हणाली, "जाऊन या."

मी म्हणलं, "मला बोलावलंय का त्यानं?"

"त्यांना बोलता येत नाय. बोलावतील कसं?"

तरी गेलो नाही. अडून बसायचं म्हणलं की मी लई अडून बसतो. हिच्या मातीच्या दिवशी त्याला चाकाच्या खुर्चीवर बसवून गल्लीच्या तोंडापर्यंत आणलं होतं. मी बघितलं आणि मान फिरवली. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. आता लिहितोय तर खरं लिहावं.

तर मुलगी कॅमेरा जोडायला बसली आणि कपाळाला हात लावला. "अण्णा, पासवर्ड काय ठेवलाय माहितीय का? एक दोन तीन चार पाच सहा सात आठ!"

"लक्षात राहायला बराय की."

"सगळ्या गल्लीच्या लक्षात आहे. आणि राउटरच्या आतला पासवर्ड तर बदललाच नाय, खालच्या कागदावर छापून आलेला तोच चालू आहे. कोणीही आत घुसून सेटिंग बदलंल. तुमचा कॅमेरा कोणीही बघंल."

मी तिला म्हणलं, मला गेटच्या भाषेत सांग. तिनं सांगितलं, आणि पोरगी हुशार आहे, बरोबर सांगितलं. वाय-फायचा पासवर्ड म्हणजे गेटपास. राउटरच्या आतला पासवर्ड म्हणजे केबिनच्या कपाटाची चावी, जिथं सगळे कोरे गेटपास ठेवलेले असतात. ते कपाट आमचं उघडंच पडलं होतं. डब्यावर एक बटण असतं, ते दाबलं की पासवर्ड न टाकताही फोन जोडला जातो, ते म्हणजे मागचं फाटक. तेही तिनं सेटिंगमधून बंद केलं.

"आणि ते एन्क्रिप्शन काय म्हणतीस?"

"कॅमेऱ्यातलं चित्र हवेतून डब्याकडं जातं. वाटेत कोणी पकडलं तर दिसतं. एन्क्रिप्शन लावलं की पकडलं तरी वाचता येत नाय. तुमचा डबा जुन्या पद्धतीवर ठेवलाय, ती फुटती. नवी लावायची."

मला पटलं. कंपनीचं टपाल ऑफिसातून गेटपर्यंत मीच आणायचो. लाख लावलेलं पाकीट माझ्या हातात असायचं, पण आत काय आहे ते मला कधी कळलं नाही. तसंच हे.

मग तिनं डब्याला जोडलेल्या फोनांची यादी काढली. नऊ नावं. माझा फोन, तिचा फोन आणि कॅमेरा, हे तीन आपले. सहा परके.

"आत्ता पासवर्ड बदलते. सहाच्या सहा बाहेर," ती म्हणाली.

"थांब."

"का?"

"हे भिंतीवरून उडी मारून आलेले नाहीत. तुझ्या आईनं हातानं आत घेतलेत. कोण आहेत ते बघू दे."

गेट बंद करताना आत कोण आहे ते मोजायचं असतं. न मोजता कुलूप लावणारा वॉचमन मी एकच बघितला, त्यानं एका फिटरला पूर्ण रविवार कोंडून ठेवला होता. मी जुनी वही काढली, रेघा मारल्या: नाव, फोन कोणता, कधीपासून, कोणी दिलं, सही. आणि निघालो गल्लीत.

ब्लाउज शिवणाऱ्या बाईकडं पहिल्यांदा गेलो. ती मशीन थांबवून बघतच राहिली. "काका, सही कशाला? आता वाय-फायचं रेशनकार्ड निघालं का?"

"कोणी दिला पासवर्ड?"

"काकूनं. म्हणाल्या, गळ्याच्या नव्या डिझाइन बघून शिव, तुझे गळे दहा वर्षं एकच आहेत." मग ती हसता हसता थांबली आणि पदरानं डोळे पुसून सही केली.

कूलर दुरुस्त करणारे चाचा दोन फोनवाले निघाले. ते म्हणाले, "भाईसाब, हमने नै मांगे. भाभी खुद आके बोले, पोट्टी की पढ़ाई है, हमारा लगा लेव. और बोले, हमारे घरवाले को मत बोलना, वो चिल्लाते." मी वहीत ‘कोणी दिलं’च्या खाली हिचं लिहिलं आणि ‘चिल्लाते’ हे लिहिलं नाही.

समोरचे नवीन भाडेकरू नवराबायको एक फोन. रिटायर मास्तरीण बाई एक फोन. मास्तरीण बाईनं वहीतलं माझं शुद्धलेखन बघून शाबासकी दिली.

पाच झाले. दर दारात मला हिची एक गोष्ट मिळाली जी मला माहीत नव्हती. चांगलंही वाटलं आणि रागही आला. एवढं सगळं माझ्यापासून लपवून केलं म्हणजे मी घरात कसला माणूस होतो, ते मला गल्लीनं सांगितलं.

सहावा फोन मात्र सापडेना. यादीत नुसतं फोनच्या कंपनीचं नाव आणि आकडे. मुलीनं दोन दिवस नजर ठेवली. सकाळी अकराला जोडला जातो, तासाभरानं जातो, मग दिवसभर नाही.

"आईनं सांगितलं नाय कधी?" ती म्हणाली.

"नाही. ज्याची नोंद नाही त्याला आत सोडायचं नाही."

हे मी म्हणलं. मुलीनं नाही, मी.

मग तिनं सगळं बसवलं. नवी पद्धत लावली, केबिनच्या कपाटाची चावी बदलली आणि डब्यातून दोन नेटवर्क काढली. एक घरचं, एक पाहुण्यांचं. घरच्यावर मी, ती, कॅमेरा. गल्लीतल्या पाच फोनांना पाहुण्यांचं. पाहुण्यांच्या पासवर्डवर नेट चालतं, पण घरच्या वस्तूंपर्यंत हात पोचत नाही. हेही मला गेटवर माहीत होतं, व्हिजिटरला ऑफिसपर्यंत सोडायचं, मशीनवर नाही.

ती पुण्याला गेली आणि मी वही घेऊन पासवर्ड वाटायला निघालो. दोन्ही पासवर्ड पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवले होते, विसरू नये म्हणून. त्याच पानावर लोकांच्या सह्या घेतल्या. ब्लाउजवाली म्हणाली, "काका, खालचा आमचा. मग हा वरचा कोणाचा?"

मुलीला फोनवर सांगितलं तर ती आधी ओरडली, मग हसायला लागली, मग परत ओरडली. "अण्णा, एकतीस वर्षं गेटवर होतात ना? कुलूप लावलं अन् चावी त्याच कडीला टांगून आलात!"

मग तिनं फोनवरून सांगत सांगत मला स्वतःच्या बोटांनी घरचा पासवर्ड बदलायला लावला. दीड तास लागला. पण जमलं. ह्या वेळी मी तो वेगळ्या कागदावर लिहून घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला.

आता भिंतीचं. ही होती तेव्हा मी रोज साडेदहाला छावणीच्या बाजूला जाऊन बसायचो, रिटायर मंडळी जमतात तिथं. ती गेल्यापासून जात नव्हतो. घरातच असायचो, त्यामुळं अकराच्या सुमाराला मागच्या भिंतीतून भावाचा आवाज यायचा. आं आं करायचा. मधेच जोरात, मधेच बंद. मला वाटायचं, दुखत असंल. मी रेडिओ मोठा करायचो.

पासवर्ड बदलल्यावर दुसऱ्या दिवशी आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. रेडिओ लावायला हात गेला आणि तसाच राहिला. अकरा वाजले होते. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. सहावा फोन अकराला यायचा. आणि सबंध गल्लीत एकाच दारात मी वही घेऊन गेलो नव्हतो.

तरी मी उठलो नाही, हे लिहितो. बसून राहिलो. म्हणलं, त्यांना गरज असंल तर येतील.

चौथ्या दिवशी आली ती भावजय. सगळ्या गल्लीला वळसा घालून, डोक्यावर पदर घेऊन, उंबऱ्याच्या बाहेर उभी. नऊ वर्षांत आमच्या दारात तिचा पहिला जयभीम.

"दादा, तुमचं यंत्र बिघडलं का?"

"नाही. मी बंद केलं."

ती परत फिरायला लागली. तिनं पासवर्ड मागितलाच नाही. मागितला असता तर मी काहीतरी टोचून बोललो असतो, हे मला माहीत आहे.

"कशाला लागतं?" मी विचारलं.

मग तिनं तिथंच उभ्या उभ्या सांगितलं. दवाखान्यातली एक मॅडम लकवा झालेल्यांना बोलायला शिकवते. रोज अकराला फोनवर, समोर दिसते. मागच्या खोलीत टॉवर येत नाही, चित्र गोठून जातं. त्याला रोज उचलून बाहेर आणणं तिच्या एकटीच्यानं होत नाही. "अक्कानंच लावून दिलं होतं. डबा भिंतीला लावून घेतला. तुम्ही बाहेर गेला की यायच्या, त्यांच्याजवळ बसून शब्द म्हणवून घ्यायच्या. आता चार दिवस झाले, फोनकडं बघत बसतेत. काल ताट ढकलून दिलं. मॅडम म्हणाल्या होत्या खंड पडू देऊ नका, आलेले शब्द परत जातेत."

मी चप्पल घातली. ती मागं आणि मी पुढं, असं आम्ही गल्लीला वळसा घातला. सगळ्यांनी बघितलं.

भाऊ खाटेवर उशीला टेकून होता. लई वाळला होता. मला बघून त्यानं मान भिंतीकडं फिरवली. फिरवू दे, म्हणलं. त्याचा हक्क होता.

फोन हातात घेतला. पाहुण्यांच्या नेटवर्कचं नाव वर दिसत होतं, घरचं खाली. मुलीचा हुकूम होता, बाहेरच्या सगळ्यांना पाहुण्यांचं. मी खिशातून घडी काढली आणि घरचा टाकला. अक्षरं मोठी, मधे आकडे, मधे चिन्हं. दोनदा चुकलो. भावजय म्हणाली, "मी वाचू का?" आणि लगेच म्हणाली, "मला कुठं वाचता येतं." तिसऱ्यांदा लागलं.

अकरा वाजून गेलेच होते. मॅडम दिसली. मुलीच्याच वयाची. "काकू, चार दिवस कुठं होतात? आणि मोठ्या काकू गावाहून आल्या का नाही अजून? महिना होऊन गेला की."

मी भावजयकडं बघितलं. ती खाली बघत होती. तिनं मॅडमला गावाला गेल्यात म्हणून सांगून ठेवलं होतं.

"मॅडम," मी म्हणलं, "मी त्यांचा नवरा. ती वारली."

तोपर्यंत हे वाक्य मी माझ्या तोंडानं कोणाला सांगितलं नव्हतं. पाहुण्यांना मुलीनं कळवलं, कागदपत्रं जावयानं केली. पहिल्यांदा सांगितलं ते एका परक्या पोरीला, फोनमधे. खाटेवरून मान हळूहळू इकडं वळली.

मॅडम म्हणाली, "त्या अर्धा शब्द म्हणायच्या, उरलेला काका म्हणायचे. तुम्ही म्हणता का?"

तेव्हा मला खाटेशेजारची भिंत दिसली. तीच दीड वीत सरकवलेली. तिच्यावर पेन्सिलीनं हिच्या अक्षरात शब्द लिहिले होते, एकाखाली एक. पाणी. चहा. नको. भाकर. ऊन. असे अकरा. भावजय म्हणाली, "जो आला तो लिहायच्या. त्या गेल्यावर अजून दोन आले, उशी आणि दार. मला लिहिता येत नाय, ते तसेच राहिले." मी पेन्सिल मागून ते दोन लिहिले. हिच्या अक्षराच्या खाली माझं अक्षर घाण दिसत होतं.

मग मॅडमनं तांब्याचं चित्र दाखवलं. मी म्हणलं, "पा."

तो बघत राहिला.

"पा."

ओठ हलले, आवाज नाही.

"अरे, पा! पा! चार दिवसांत विसरला का? सोपाय! म्हण की! पा!"

"मुडद्या!" भाऊ म्हणाला. स्पष्ट. सगळा शब्द, एका दमात.

भावजयनं तोंडाला पदर लावला. "आवं, दादाला असं म्हणतेत का!" फोनमधे मॅडम हसायला लागली. "ओरडू नका ना त्यांच्यावर. शिव्या लवकर येतात बरं का, बऱ्याच पेशंटचं तसंच असतं. आवाज किती मोकळा सुटला बघा! लिहा, लिहा."

"असलं भिंतीवर लिहू नका," भावजय म्हणाली, "लेकीबाळी येतेत घरात."

मी लिहिलं. भाऊ बघत होता. लिहून झालं तसं त्यानं परत म्हणलं, आता हळू, चव घेतल्यासारखं. मी म्हणलं, "तूच." त्याचं डावीकडचं अर्धं तोंड हसलं. मग मी आवाज खाली आणून, हिच्यासारखा करून ‘पा’ म्हणलं, आणि पाचव्या वेळेला ‘णी’ आलं.

मॅडम गेल्यावर मी उठायला लागलो तर त्यानं डाव्या हातानं माझी बाही धरली. सोडंना.

"सोडा की," भावजय म्हणाली, "दादाला घरी जाऊन जेवायचंय."

घरी सकाळचा भात होता, गार. मी परत खाटेवर टेकलो.

"दोन भाकरी जास्त टाक," मी म्हणलं.